कप वापरते, पण पृथ्वीची शपथ घालू नका

गेली सहा वर्षं मी मेन्स्ट्रुअल कप वापरतेय, म्हणजे पाळीचं रक्त साठवायला योनीत बसवायचा लवचीक छोटा कप. मैत्रिणींत विषय निघाला की सगळ्या माझ्याकडे बघतात, आता ही पर्यावरणावर भाषण झोडणार म्हणून. खरं सांगू? मी कपकडे वळले ते रॅशमुळे. पॅडच्या कडांनी मांड्या सोलवटून निघायच्या. कचऱ्याचा विचार नंतरचा.

पहिला दिवस अजून आठवतो. उकळून घेतलेला कप दुमडून बाथरूममध्ये उकिडवी बसलेय आणि तो बोटांतून टुणकन निसटतोय. तिसऱ्या खेपेला आत गेला, पण नीट उघडलाच नाही; तासाभरात डाग. काढताना तर घाम फुटला, कारण मी नुसता दांडा ओढत होते. दांडा असतो तो बूड सापडावं म्हणून. बूड चिमटीत दाबायचं, आतली हवेची पकड सुटू द्यायची, मग सावकाश काढायचा. एवढं जमायला मला तीन पाळ्या लागल्या, आणि त्या तिन्ही वेळा खाली पॅडही लावलं होतं. (तांबी बसवली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, या ओढाताणीत ती सरकू शकते.)

आता बारा तास विसरून जाते. शिवाय कपवरच्या खुणांमुळे कळलं की एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. मी तर वाट्याच्या वाट्या धरून चालले होते! ८० च्या पुढे जात असेल तर मात्र दाखवून घ्यावं.

आणि हे काही नवं फॅड नाही. लिओना चाल्मर्स या अमेरिकन अभिनेत्रीने १९३७ मध्ये कपचं पेटंट घेतलं होतं. महायुद्धात रबराची टंचाई झाली आणि उत्पादन थांबलं. आजचे कप बहुतेक सिलिकॉनचे, नीट सांभाळले तर दहा वर्षंही टिकतात.

मग माझी तक्रार काय? 'तुझं एक पॅड शेकडो वर्षं कुजत नाही' असं एखादीला ऐकवण्यावर. प्लास्टिक कुजत नाही हे खरंच आहे. पण जिच्याकडे कडी लागणारं न्हाणीघर नाही, हात धुवायला पुरेसं पाणी नाही, तिने कप कुठे रिकामा करायचा? कापडी पॅडचंही तेच. आधी गार पाण्यात भिजवायचं (गरम पाण्याने डाग पक्का बसतो), मग साबण, मग कडक ऊन. घरात कुणाला दिसू नये म्हणून तेच पॅड टॉवेलखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घातलं तर दमटच राहतं. त्यापेक्षा वापरून फेकायचं पॅड बरं. तेव्हा पर्यावरणाचं प्रेम दाखवायचंच असेल तर आधी दोरीवरची उन्हाची जागा मोकळी करा. धुणार तीच, लपवणार तीच, वर अपराधीही तीच?

'बायोडिग्रेडेबल' लिहिलेल्या पॅडबद्दल तर बोलायलाच नको. नीट खत होईल अशी सोय नसेल तर तेही त्याच ढिगात जाऊन पडतं.

मागच्या महिन्यात भाचीने माझा कप उलटसुलट करून पाहिला. "आत्या, दुखतं का गं?"

"दुखत नाही, पण पहिले तीन महिने मला शिव्या घालशील."

"मग आत्ता नको."

"बरं," म्हटलं, आणि कपाटातून तिला पॅडचं पाकीट काढून दिलं.