तडा सापडू नये म्हणून घ्यायची काळजी

कोकणातल्या रुळांखालचे काँक्रीटचे स्लीपर तपासायचं काम गळ्यात पडलंय? घाबरू नका. तडा सापडला की कागद वाढतात, नाही सापडला की सगळे सुखी. तेव्हा न सापडण्याची रीत नीट शिकून घ्या.

तपासणी गाडी निघून गेल्यावरच करावी. स्लीपरच्या पोटात ताणून बसवलेल्या पोलादी तारा असतात, त्या काँक्रीटला आवळून धरतात. चाकांचा भार आला की बारीक तडा उघडतो आणि शेवटचा डबा पुढे गेला की तारा त्याचं तोंड मिटवतात. तुम्ही पोहोचेपर्यंत स्लीपर साळसूद! टॉर्च मारा, 'निर्दोष' लिहा. गाडी वरून जात असतानाच संवेदक लावून तडकण्याचा आवाज टिपू, कंपनांची वारंवारता घसरली का बघू, असं म्हणणारे उपद्व्यापी भेटतील. त्यांना चहा पाजून पुढच्या आर्थिक वर्षाकडे वाटेला लावा.

खडी तर उकरूच नका. रुळाच्या बैठकीखालचा तडा स्लीपरच्या तळातून वर चढतो, म्हणजे तो खडीतच गाडलेला. देवानेच झाकलंय, आपण कशाला उघडं पाडा? रुळांखालची खडी दबून स्लीपर मधल्या भागावर टेकला, तर मात्र तडा मधोमध, वरच्या अंगाला दिसतो. त्यासाठी जूनचा चिखल पुरेसा आहे.

हातोडी जवळ ठेवू नये. फणस पिकलाय का हे कोकणात पोरंही टकटक करून सांगतात. फणस बद्द वाजला तर आनंद, काँक्रीट बद्द वाजलं तर आतून सुटलंय. असलं ज्ञान चारचौघांत नको.

किलोमीटरला १६६० स्लीपर. सगळे कोण बघणार? नमुना घ्यावा, तोही वडापावच्या टपरीजवळचा. साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आडवा आला तर 'अंधारामुळे' हा शब्द आहेच. ओल आणि खारी हवा तड्यातून तारेपर्यंत पोचते, गंज मूळ पोलादापेक्षा जास्त जागा मागतो आणि काँक्रीट आतून फोडतो, हे खरं. पण त्याला वर्षं लागतात. तुमची बदली त्याआधी होते.

खरा धोका कीमनचा. तो रोज आपली बीट, म्हणजे नेमून दिलेला रुळांचा पट्टा, पायी चालतो, रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या चाव्या ठोकतो, त्याचे कान तयार असतात. ''साहेबानू, हयसर आवाज बरो येणा नाय,'' असं तो म्हणेल. लगेच ''लेखी दे'' म्हणावं, आणि लिहायला पेन देऊ नये. एवढं करूनही त्याने त्या स्लीपरवर चुन्याची फुली मारून ठेवलीच, तर पहिल्या सरीची वाट बघा. फुली ऑइलपेंटची निघाली, तर मात्र स्लीपर बदलण्यावाचून इलाज नाही.