फाइल न सापडण्याची पूर्वतयारी

शासकीय कार्यालयात नव्याने रुजू झालेल्यांचा समज असतो की फाइल गहाळ व्हायला ती कुणीतरी पळवावी लागते. एवढा उपद्व्याप कशाला? प्रकरण निकाली निघालं की हात बांधून बसा, बाकीचं आपोआप होतं.

निकाली फाइलवर ती किती वर्षं जपायची याचा वर्ग टाकायचा असतो. अ म्हणजे कायम, ब ३० वर्षं, क १० वर्षं, क-१ पाच वर्षं, ड वर्षभर. या एका अक्षराने घात होतो. ते पडलं की कार्यालयातले कागद ज्या सहा गठ्ठ्यांत लावायचे असतात त्यांपैकी फाइल कुठे जाणार, अभिलेख कक्षात कुठल्या रुमालात बांधणार आणि नष्ट कधी होणार, सगळं ठरून जातं. म्हणून अक्षर टाकूच नका. बिनवर्गाची फाइल नष्ट करण्याची हिंमत पुढच्या कुणाची होणार नाही. परवानगीशिवाय अभिलेख नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मग चहाची बिलंसुद्धा जिवापाड जपली जातील आणि त्याच ढिगात जमीनवाटपाचा मूळ आदेश सुखाने नांदेल. निंदणीकरणाची, म्हणजे मुदत संपलेले कागद निवडून काढण्याची मोहीम आलीच, तर कपाटाची जागा बदला आणि पुसलेल्या कपाटाचा फोटो वर पाठवा.

पृष्ठ क्रमांक टिप्पणी भागाला घाला, तेही पेन्सिलने. पत्रव्यवहार भागाला अजिबात नको. पान गेलं हे सिद्ध करायला आधी ते होतं हे सिद्ध करावं लागतं.

बदली झाली की कार्यभाराच्या यादीत ‘जुने गठ्ठे, १४ नग’ एवढंच लिहा. आत काय आहे ते लिहिलंत, तर पुढची दहा वर्षं फोन तुम्हालाच येतील.

आता सगळं ई-ऑफिसवर गेलं म्हणून घाबरू नका, उलट सोय झाली. चारशे पानांची फाइल एका दमात स्कॅन करा, नाव ‘स्कॅन००१’ ठेवा, विषयाच्या रकान्यात ‘संदर्भीय विषयाबाबत’ लिहा. ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाला वाचता येतील असं रूपांतर, करू नका. ते नसेल तर संगणकाच्या लेखी पान म्हणजे नुसतं चित्र. मसुदा युनिकोडमध्ये टाइप करण्याचा मोह टाळा. जुन्या कृतिदेव फॉन्टमध्ये पडद्यावर स्वच्छ ‘जमीन’ दिसते, पण आत साठलेली असतात इंग्रजी अक्षरं. युनिकोडमध्ये ‘जमीन’ शोधणाऱ्याला काय डोंबल सापडणार! शासन निर्णय पुढे पाठवायचा झाला तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाका, त्यावरच्या संकेतांकाची, म्हणजे निर्णयाच्या संगणक क्रमांकाची ओळ कापून. त्या अठरा आकड्यांवरून मूळ प्रत मिनिटात निघते.

माहिती अधिकाराचा अर्ज येईलच. अभिलेखांची सूची ठेवा असं त्या कायद्याचं कलम ४ सन २००५पासून सांगतंय, पण अर्जदार बहुधा ते विचारत नाही. तिसाव्या दिवशी उत्तर द्या: ‘शोध घेतला असता सदर अभिलेख आढळून आला नाही.’ या पत्राची स्थळप्रत, म्हणजे कार्यालयात राहणारी प्रत, मात्र जावक क्रमांक टाकून, पृष्ठ क्रमांक शाईने घालून, टॅग बांधून वरच्याच कप्प्यात ठेवा. पहिल्या अपिलाच्या सुनावणीत ती लगेच सापडावी लागते.