‘गावात म्हातारेच उरले’, म्हणून शाळा बंद करायची?

मराठवाड्यातल्या गावोगावच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सार असं: तरुण सगळे पुण्या-मुंबईला गेले, गावात म्हातारेच उरले, शाळेला पट नाही. तेव्हा शाळा-अंगणवाड्या बंद करा आणि तो पैसा वृद्धाश्रमांना द्या. माणसंच कमी झाली, तर एसटीच्या फेऱ्या तरी कशाला? शेवटी ‘पटलं तर पुढे पाठवा’ आहेच. मला पटलं नाही.

‘गावात म्हातारेच उरले.’ हे अर्धं खरं, आणि तेही महिना कोणता यावर अवलंबून. बीड, धाराशिव, परभणी, जालन्याच्या ज्या गावांतून कोयता, म्हणजे ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं, जातो, तिथं मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली जोडपी दिवाळीच्या आगेमागे निघतात ती पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, परतत नाहीत. जानेवारीत अशा गावात गेलात तर पारावर आजोबाच दिसतील, कबूल. पण घरात डोकावून बघा, आजीच्या भोवती नातवंडं असतात. गावातून जातं ते कमावतं वय. दोन्ही टोकं मागं राहतात. सरकारी सेवा ज्यांना सगळ्यात जास्त लागते तीच माणसं गावात, आणि त्यांना दवाखान्यात नेणारा, अर्ज भरून देणारा माणूस उसाच्या फडात.

शिवाय हे मोजलं कधी जातं तेही बघा. 2011 ची जनगणना फेब्रुवारीत झाली, ऐन तोडीच्या हंगामात. मोजणीच्या सगळ्या काळात जो घरी नव्हता, त्याची नोंद तो जिथं सापडला तिथं. 2027 ची माणसांची मोजणीही फेब्रुवारीतच ठरली आहे. उलट शाळेची संचमान्यता, म्हणजे किती शिक्षक मंजूर करायचे हा हिशेब, 30 सप्टेंबरच्या पटावर होते, तेव्हा कोयता अजून गावातच असतो. एकाच गावाची सरकारदरबारी दोन चित्रं आहेत, एक भरलेलं आणि एक रिकामं. मेसेज लिहिणाऱ्यानं त्यातलं सोयीचं उचललं.

‘पट नाही म्हणजे मुलं नाहीत.’ मुलं कमी जन्मतात हे मी नाकारत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा प्रजनन दर 1.7 निघाला. पण पट घटायची कारणं आणखीही आहेत. सकाळी पिवळी व्हॅन येते आणि ऐपत असलेल्यांची मुलं तालुक्याच्या इंग्लिश मिडियमला घेऊन जाते. ही मुलं गावात राहतात, जेवतात, आजारी पडतात. फक्त झेडपीच्या हजेरीत नसतात. काही मुलं आईबापाबरोबर फडावर जातात. ती जाऊ नयेत म्हणून तर हंगामी वसतिगृहं निघाली. मूल आजी-आजोबांकडं राहतं, वसतिगृहात जेवतं आणि गावच्याच शाळेत बसतं. शाळाच उचलली तर त्या मुलानं थांबायचं कशासाठी?

शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत ठेवली, कारण सहा वर्षांचं मूल तेवढंच चालतं. पट 12 वरून 9 झाला म्हणून शिक्षक पाऊण करता येत नाही, तसं अंतरही वाढवता येत नाही. आणि ती दूरची शाळा गाठायला सोडणार कोण? सत्तरीची आजी?

‘तो पैसा वृद्धाश्रमांना द्या.’ म्हाताऱ्यांची काळजी असल्यासारखं वाटतं, पण त्यांना काय हवंय हे कुणी विचारलेलं नाही. घर सोडायचं नाही, एवढं बहुतेकांचं पक्कं असतं. हवं ते साधं आहे: बीपी-शुगरच्या गोळ्या दर महिन्याला न चुकता, मोतीबिंदूची तपासणी, पगार वेळेवर. (श्रावणबाळ या म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी योजनेच्या पैशाला आमच्याकडं पगारच म्हणतात.) आता निकष बघा: सपाट भागात 5,000 लोकसंख्येला एक उपकेंद्र, 30,000 ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. या हिशेबात पंचविशीतला गडी आणि पंचाहत्तरीची म्हातारी सारखेच. त्यातून उपकेंद्राची मूळ घडण गरोदर बाई आणि लसीचं बाळ यांच्यासाठी. ते काम कमी करा असं मी म्हणत नाही, ज्या गावात दोन्ही टोकं आहेत तिथं दोन्ही कामं लागतात.

पगाराचंही तसंच. श्रावणबाळमधून 65 च्या वरच्या पात्र माणसाला महिन्याला 1,500 रुपये मिळतात. पण उभा जन्म खुरपं आणि कोयता चालवलेल्या बोटांवर रेषा उरत नाहीत. गावात बँकेचे पैसे देणारा बँक मित्र म्हातारीला बोट पदराला पुसायला लावतो, यंत्रावर पुन्हा दाबायला सांगतो, आणि शेवटी म्हणतो, “आजी, येत नाही बघा अंगठा. तालुक्याला जाऊन या.”

तालुक्याला जायचं कशानं? मोटारसायकल पोराबरोबर गेलेली. इथंच ‘माणसं कमी तर फेऱ्या कमी’ हा मुद्दा उताणा पडतो. एसटीत 75 च्या वरच्यांना प्रवास मोफत, 65 ते 75 ला अर्धं तिकीट, बायांनाही अर्धं. म्हणजे गावात उरलेल्यांपैकी बहुतेक एसटीचेच गिऱ्हाईक. सकाळची मुक्कामी गाडी बंद झाली की सवलत कागदावर राहते.

गेलेल्या तरुणांचं म्हणाल, तर त्यांची गरज नाहीशी होत नाही, जागा बदलते. लातुरात क्लासच्या पोरांमुळं मेस आणि अभ्यासिका लागतात, वाळूजच्या एमआयडीसीत कामगार जोडप्यांना पाळणाघर. त्यावर गावची शाळा बंद करणं हा उपाय कसा होतो, हे मेसेजमध्ये नाही.

गावचं खरं वय काढायला जनगणनेची वाट बघायचीही गरज नाही. 18 च्या वरच्या, नाव नोंदवलेल्या प्रत्येकाचं वय मतदार यादीत छापलेलं असतं, शून्य ते सहाची मुलं अंगणवाडी ताईंच्या रजिस्टरात असतात, त्यापुढची शाळेत किंवा पिवळ्या व्हॅनमध्ये. आशाताईला सोबत घेऊन यादी घरोघर पडताळली की झालं. फक्त ती वर्षातून दोनदा करा, एकदा पोळ्याच्या सुमारास आणि एकदा संक्रांतीनंतर, आणि विकास आराखड्याच्या ग्रामसभेत दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवा.