‘तुम्ही काय तोललंत?’ या प्रतिक्रियेला उत्तर

‘एक अभ्यासक’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांना,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि तेव्हाच उत्तर लिहायला बसले होते, पण रागात लिहू नये म्हणून सकाळपर्यंत थांबले. राग अजून पूर्ण गेलेला नाही, ते आधीच सांगते.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या पोस्टमध्ये माझं म्हणणं असं होतं की थिसिसमधला लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे कोण काय म्हणालं याची जंत्री नव्हे, वेगवेगळ्या लोकांची कामं एकमेकांशी भिडवून त्यातून कुणीच न केलेलं विधान उभं करायचं, यालाच सिंथेसिस म्हणतात आणि तेही संशोधनच आहे. त्यावर हे लिहितात, "दहा घरचे डबे आणून पंगत वाढली म्हणजे स्वयंपाक येतो असं होत नाही मॅडम. कोसंबींनी स्वतः नाणी तोलली. तुम्ही काय तोललंत?" पुढे एक साल चुकल्याचं, पोस्ट फार लांबल्याचं आणि हे सगळं आता एआय दोन मिनिटांत करतं असंही आहे.

साल चुकलंय, मान्य. मूळ पोस्टमध्ये ज्यांचं उदाहरण दिलं होतं त्या डॉन स्वॉन्सन यांचा माशाच्या तेलावरचा लेख १९८६ चा, मायग्रेन आणि मॅग्नेशियमवरचा १९८८ चा. मी दोन्ही १९८८ मध्ये टाकले होते. दुरुस्त केलंय, लक्षात आणून दिल्याबद्दल मनापासून आभार.

पण बाकीचं? मला दिवसभर मुलं मॅडम म्हणतात, त्यात माया असते. तुमच्या त्या वाक्याच्या शेवटी लावलेल्या मॅडममध्ये काय आहे ते तुम्हालाही कळतं आणि मलाही. ‘स्वतः जमवलेल्या माहितीला जास्त वजन असतं असं मला वाटतं’ एवढं लिहिलं असतंत तर मी आनंदाने चर्चा केली असती, त्यात तथ्य आहेच. तुम्ही मुद्दा मांडला नाहीत, माझी लायकी काढलीत, तीही मी कोण, काय काम केलंय याची काही कल्पना नसताना.

आता कोसंबी. तुम्ही त्यांना माझ्याविरुद्ध साक्षीला आणलंत म्हणून सांगते. इतिहासकार दा. ध. कोसंबींनी हजारो नाणी स्वतः तोलली हे खरंच आहे. पण तक्षशिलेच्या नाण्यांवरचं त्यांचं काम सुरू झालं ते जुन्या नाण्यांचे अभ्यासक वॉल्श यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वजनांवरून. म्हणजे तुमच्या भाषेत डबा दुसऱ्याच्या घरचा. वजनं छापून सगळ्यांसमोर पडलेली होती, ज्याला हवी त्याने वाचावीत. कोसंबी गणिती, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे, त्यांनी त्या वजनांशेजारी स्टॅटिस्टिक्स आणून ठेवलं. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, जास्त फिरलं की सरासरी वजन उतरतं आणि नाण्यानाण्यातला फरक वाढतो, आणि एवढ्यावरून नाण्यांच्या गटांचा आधी-नंतरचा क्रम लावता येतो. हे तराजूत कुठे होतं? वॉल्श यांच्या यादीत होतं का? स्टॅटिस्टिक्सच्या पुस्तकात होतं का? ते या दोघांच्या मध्ये होतं आणि तिथे बघणारा माणूस लागला. पुढे पुण्याच्या आसपास पायपीट करून त्यांनी दगडी सूक्ष्म हत्यारं सापडणाऱ्या जागा, धनगरांच्या वाटा, देवींची ठाणी आणि कार्ल्यासारखी लेणी एकत्र वाचली तेही याच रीतीने. कोसंबी म्हणजे नुसता तराजू असं ज्याला वाटतं त्याने कोसंबी नीट वाचलेले नाहीत, हे मला स्पष्टच म्हणावं लागतंय.

आणि ज्याने खरंच काही तोललं नाही त्याचं उदाहरण तर मूळ पोस्टमध्येच होतं, तुम्हाला त्यातलं फक्त साल दिसलं. डॉन स्वॉन्सन शिकागो विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचे प्राध्यापक. रेनो नावाच्या आजारात थंडीने बोटांच्या रक्तवाहिन्या आखडतात, बोटं पांढरी पडतात, त्यावरच्या लेखांमध्ये रक्त घट्ट असण्याचा उल्लेख यायचा. माशाच्या तेलावरचे लेख वेगळ्याच लोकांचे, त्यांत तेलाने रक्ताचा घट्टपणा कमी होतो असं. हे दोन गट एकमेकांचे संदर्भ देत नव्हते, कारण एकमेकांना वाचतच नव्हते. स्वॉन्सन यांनी दोन्ही वाचले आणि म्हणाले, मग या आजारात हे तेल देऊन बघायला हवं. १९८९ मध्ये रुग्णांवर एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. ज्यांना हा आजार आपणहून झालेला होता त्यांच्यात तेलाने फरक दिसला, ज्यांना दुसऱ्या एखाद्या रोगामुळे झाला होता त्यांच्यात दिसला नाही. मला हेच म्हणायचं होतं हो. जोडून केलेलं विधान चुकू शकतं, अर्धं टिकू शकतं, कुणीतरी ते तपासून खोडू शकतं. पंगतीत वाढलेली भाजी अशी खरी-खोटी ठरत नाही. तुमची उपमा ऐकायला चटकदार आहे पण ती इथे लागू पडत नाही.

आणि कुणी जोडलंच नाही तर काय होतं? न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवलं की वेळेआधी बाळंत होऊ शकणाऱ्या बाईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं की बाळाच्या फुप्फुसांना मदत होते. महागडं औषध नाही ते. पुढे आणखी चाचण्या झाल्या, पण त्यांतल्या कितीतरी लहान, एकेकटी बघितली तर ठाम काही सांगत नव्हती. सगळ्या नीट एकत्र मांडून केलेला आढावा प्रसिद्ध व्हायला १९८९ उजाडलं. बाळ दगावण्याची शक्यता ३० ते ५० टक्क्यांनी कमी होते असं त्यातून दिसत होतं. वैद्यकीय चाचण्यांचे असे एकत्र आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या बोधचिन्हात मधे ज्या आडव्या रेघा आहेत ना, त्या यांतल्याच सात चाचण्यांच्या. तोलायचं काम झालेलं होतं, अभ्यासक. मधल्या वर्षांत जी बाळं गेली त्यांच्यासाठी तोलणारे कमी पडले नव्हते, जोडणारे कमी पडले.

आता माझ्याबद्दल. विचारलंत म्हणून सांगते.

माझी पीएचडी ऊसतोड मजुरांवर. दुसरं प्रकरण मी आधी तुम्हाला वाटतं तसंच लिहिलं होतं, अमुक यांच्या मते, तमुक यांच्या मते, गाईडनी दोनदा परत केलं. मग लेकीची परीक्षा संपल्यावर तिचे उरलेले चार्टपेपर एकमेकांना चिकटवून मी हॉलच्या जमिनीवर पसरले, एका बाजूला एकेक अभ्यास आणि वर रकाने, कुणाला विचारलं, कधी विचारलं, मोजलं काय. तीन आठवडे घरातले सगळे भिंतीकडेने चालत होते. आणि एका दुपारी दिसलं की मी जमवलेले मजुरीवरचे अभ्यास ‘कोयता’ मोजतात, म्हणजे नवरा-बायको मिळून एक, मुकादम उचल म्हणजे आगाऊ पैसेही तसेच देतो, आणि बायकांच्या आरोग्यावरचे अभ्यास एकेकटी बाई मोजतात. मग बाईने आजारपणात खाडा केला तर त्याची किंमत कुठल्याच तक्त्यात येत नाही, कारण एकीकडे बाईच वेगळी नाही आणि दुसरीकडे मजुरीच नाही. हे त्या अभ्यासांपैकी एकाही लेखकाने लिहिलेलं नव्हतं, आणि त्यांच्यात खोटं कुणीच नव्हतं. माझी पुढची सगळी प्रश्नावली त्यावरून बदलली, त्यानंतर मी फडावर गेले आणि बायकांना वेगळं बसवून विचारलं. नुसती गेले असते तर मीही कोयतेच मोजून आले असते.

पोस्ट लांब वाटली तर सोडून द्या, सक्ती कुणाचीच नाही. एआयवर इथे बोलत नाही, तो वेगळा विषय आहे, कधीतरी स्वतंत्र लिहीन.

ते चार्टपेपर अजून माझ्याकडे आहेत, घड्यांवर फाटलेत पण अक्षर वाचता येतं. खऱ्या नावाने मेल केलीत तर फोटो काढून पाठवते. त्यातली एखादी जोडणी चुकीची वाटली तर कुठली आणि का ते लिहा, त्यावर मी रात्रभर बोलायला तयार आहे.