आखाड्याच्या तोंडाशी माइक कशाला?

पैलवान वीस मिनिटं अंग मोडून, धावून, घाम काढून तयार झालेला असतो आणि आता नाव पुकारणार एवढ्यात माइक नाकाशी येतो: ‘कसं वाटतंय?’ काय वाटणार! थांबलं की घाम गार पडतो, खांदे आणि मांड्या आखडतात, श्वासाची लय मोडते. मॅटवरची कुस्ती ३-३ मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये ३० सेकंदांची विश्रांती. फ्रीस्टाइलमध्ये १० गुणांची आघाडी झाली की खेळ तिथेच खलास. सुरुवातीलाच पट, म्हणजे पाय धरून पाडायचा डाव, निसटला तर भरून काढायला वेळ कुठला? वर ‘महाराष्ट्राला काय सांगाल?’ अहो, वजन द्यायच्या वेळी विचारा, नाहीतर कुस्ती झाल्यावर. तेव्हा तो तासभर बोलेल, जिंकला तर.