दंड लावून पीपीएम (दहा लाखांत खराब पीस किती) कमी होत नाही

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखानदारांच्या ग्रुपांवर ‘क्वालिटीचे पाच मंत्र’ नावाचा एक मेसेज फिरतोय. फिरायचा तो फिरो, पण माझा पुतण्या वाळूजला मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या एका छोट्या व्हेंडरकडे शिफ्ट सुपरवायझर आहे. त्याच्या शेठनी मेसेज वाचला आणि दुसऱ्याच दिवशी खराब पीसमागे पगार कापण्याची नोटीस लावली. म्हणून हे लिहावं लागतंय.

मंत्र असे. एक: नव्वद टक्के दोष कामगाराच्या निष्काळजीपणामुळे होतात, तेव्हा खराब पीसमागे ५०० रुपये कापा, महिनाभरात रिजेक्शन शून्य. दोन: प्रत्येक पीस तपासा, खराब माल गेटबाहेर जाणारच नाही. तीन: जपानमध्ये चुकीला माफी नाही, म्हणून त्यांचा माल चांगला. चार: अशिक्षित डबेवाल्यांना ‘फोर्ब्ज’ने सिक्स सिग्माचं (जवळजवळ शून्य चुकांचं) प्रमाणपत्र दिलं, मग तुमच्या आयटीआयवाल्यांना काय धाड भरली आहे? पाच: आयएसओ सात दिवसांत मिळतं, घेऊन टाका, गिऱ्हाईक गप्प बसतं.

पहिल्या मंत्रातला नव्वदचा आकडा कुठून आला हे मेसेजमध्ये नाही. या विषयात ज्याचं नाव आदराने घेतलं जातं त्या एडवर्ड्स डेमिंगचा आकडा नेमका उलटा आहे. त्याच्या अंदाजाने ९४ टक्के अडचणी व्यवस्थेच्या, म्हणजे मालक आणि मॅनेजमेंटच्या अखत्यारीतल्या, आणि ६ टक्के विशेष कारणांच्या, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळं काही घडल्यामुळे आलेल्या. हाही अनुभवावरचा अंदाज आहे, मोजमाप नाही, हे त्याने स्वतःच म्हटलंय. म्हणून आकड्याला आकडा भिडवत बसत नाही. त्याचा लाल मण्यांचा प्रयोग मात्र प्रत्येक शेठनी एकदा करून बघावा. खर्च फक्त मण्यांचा.

एका पेटीत ४००० मणी. त्यात ३२०० पांढरे, ८०० लाल. लाल म्हणजे खराब माल. ५० खळगे असलेली एक पळी पेटीत बुडवायची आणि भरून काढायची, हे एका कामगाराचं दिवसाचं उत्पादन. असे सहा कामगार, चार दिवस. डेमिंग मग मालकासारखं वागायचा: कमी लाल आले त्याला शाबासकी, जास्त आले त्याला दम, पुढे कामावरून काढण्याची धमकी. पेटीत २० टक्के लाल असताना पळीत सरासरी १० लाल येणार. एखाद्या खेपेला ५, एखाद्या खेपेला १५. गणित मांडलं (सरासरीच्या खाली-वर तीन प्रमाण विचलनं) तर २ ते १८ पर्यंतचा कुठलाही आकडा निव्वळ योगायोगाने येऊ शकतो. कामगाराच्या हातात यातलं काहीच नाही. आडातच लाल आहेत, पोहऱ्यात पांढरे कुठून येणार?

आता हेच आपल्या शॉपफ्लोअरवर आणा. शिफ्टला ४०० पीस, रिजेक्शन सरासरी २ टक्के, म्हणजे शिफ्टला ८ पीस. हाच हिशेब लावला तर ० ते १६ पर्यंतचा आकडा त्या मशिनच्या नेहमीच्या वागण्यातला आहे. सकाळच्या ऑपरेटरकडे ५ निघाले आणि रात्रीच्याकडे १२, तर दोघांत फरक आहे असं म्हणायला काही आधारच नाही. पण मंत्राप्रमाणे रात्रवाल्याचे सहा हजार कापले जाणार. पुढच्या आठवड्यात आकडे उलटे होतील, तेव्हा सकाळवाल्याचे. कामगाराला हे शेठच्या आधी कळतं, कारण त्याने काम तेच, तसंच केलेलं असतं.

मग ते लाल मणी येतात कुठून? मे महिन्यातलं वाळूज घ्या. शॉपमध्ये ४० अंश. ॲल्युमिनिअमच्या हाउसिंगचा १०० मिलिमीटरचा बोअर (आतलं भोक), टॉलरन्स (चालणारी तफावत) अधिक-उणे २० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मापं जगभर २० अंशाला धरली जातात आणि गिऱ्हाइकाची स्टँडर्ड रूम त्याच तापमानाला असते. ॲल्युमिनिअम दर अंशाला मीटरमागे २३ मायक्रॉन फुगतं, स्टील सुमारे साडेअकरा. ऑपरेटरने बोअर गेज स्टीलच्या मास्टर रिंगवर (नेमक्या मापाच्या नमुना कड्यावर) शून्य केला, रिंगही शॉपमधलीच, ४० अंशाची. तरीसुद्धा बोअर खऱ्यापेक्षा २३ मायक्रॉन मोठा वाचतो. म्हणजे त्याने नेमका मधोमध साइज धरला, तर गिऱ्हाइकाकडे तो २३ मायक्रॉन अंडरसाइज निघणार, टॉलरन्सच्या बाहेर. रिंग क्वालिटीच्या एसी रूममधून नुकतीच आणलेली असेल तर फरक ४० मायक्रॉनच्या घरात जातो. त्यात पीस मशिनमधून गरम गरम काढून मोजला असेल तर विचारायलाच नको.

यात ऑपरेटरचा निष्काळजीपणा शोधून दाखवा. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! उपाय साधा आणि स्वस्त आहे. मास्टर शक्यतो पीसच्याच धातूचा करून घ्या. पीस आणि मास्टर एकाच टेबलावर अर्धा-पाऊण तास ठेवा आणि मगच मोजा. ते शक्य नसेल तर तापमानाप्रमाणे किती मायक्रॉन वजा करायचे याचा तक्ता मशिनवर लावा. हे ठरवण्याचा अधिकार ऑपरेटरला नसतो, मॅनेजरला असतो.

कूलंटचंही, म्हणजे कटिंग थंड ठेवणाऱ्या तेल-पाण्याचंही तेच. उन्हाळ्यात पाणीकपात झाली की टाकीत टँकरचं पाणी पडतं. बोअरवेलचं जड पाणी, त्यात इमल्शन फाटतं, वर साय धरते, इन्सर्ट (कटिंगचं बदलायचं पातं) लवकर बसतो, फिनिश जातो. शिवाय वाफ होऊन कॉन्सन्ट्रेशन चढतं आणि वरून नुसतं पाणी ओतलं की एकदम उतरतं. रोज सकाळी रिफ्रॅक्टोमीटरवर (कॉन्सन्ट्रेशन दाखवणाऱ्या उपकरणावर) एक थेंब टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. तो रिफ्रॅक्टोमीटर विकत घ्यायचा कुणी? इन्सर्टचं आयुष्य २०० पीस ठरलेलं असताना ‘अजून चालतोय की’ म्हणून ३५० पर्यंत ओढायला कोण सांगतं? ड्रॉइंगची जुनी रिव्हिजन मशिनवर कुणी राहू दिली? दोन दिवसांपूर्वी ठेकेदाराने आणलेल्या पोराला सेटरशिवाय (मशिन लावून देणाऱ्याशिवाय) रात्रपाळीला कुणी उभं केलं?

दंड सुरू झाल्यावर काय होतं तेही ऐका. खराब पीस लाल बिनमध्ये जायचा थांबतो. तो चिप्सच्या (धातूच्या किसाच्या) ट्रॉलीत बुडतो, नाही तर चांगल्या लॉटमध्ये मधल्या थरात बसतो. इन्सर्टचा कोपरा उडाला तर ऑपरेटर सांगत नाही, गुपचूप बदलतो आणि आधीचे दहा-पंधरा पीस तसेच पुढे जातात. तासातासाचं रीडिंग शिफ्ट सुटताना एका बैठकीत, एकाच पेनाने भरलं जातं. असा चार्ट ओळखायला सोपा: आठ तास तोच आकडा, फार तर शेवटचा अंक इकडचा तिकडे. शेठकडे रिजेक्शन खरंच कमी दिसतं. मग गिऱ्हाइकाच्या लाइनवर सापडतं, तिथे सॉर्टिंगला माणसं पाठवावी लागतात आणि डेबिट नोट येते. आपल्याच शॉपमध्ये लाल बिनमध्ये पडला असता तर तो पीस कास्टिंग आणि मशिनिंगच्या खर्चात मिटला असता.

आणि कायदा? १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याच्या कलम ८ मध्ये दंडाला मर्यादा होती, तीच २०१९ च्या वेतन संहितेत राखली आहे: त्या पगारकाळात मिळून पगाराच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त दंड नाही. १५ हजार पगार असेल तर अख्ख्या महिन्याचे ४५० रुपये. पहिल्याच पीसला ५०० कापले की मर्यादा ओलांडली. कोणत्या चुकीला दंड, ते सरकारकडून आधी मंजूर करून घेऊन फलकावर लावावं लागतं. कामगाराचं म्हणणं ऐकावं लागतं, हप्त्याने वसुली चालत नाही, रजिस्टर ठेवावं लागतं आणि जमलेला पैसा कामगारांच्याच हितासाठी खर्च करावा लागतो. नुकसानभरपाई म्हणून कापायचं तर त्याची वाट वेगळी आहे: माल त्याच्या ताब्यात सोपवलेला हवा, नुकसान थेट त्याच्या हलगर्जीपणाने झालेलं हवं, आणि रक्कम नुकसानीपेक्षा जास्त नको. तापमानाने फुगलेला बोअर यात कसा बसवणार ते मेसेज लिहिणाऱ्यानेच सांगावं.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. मुद्दाम गडबड करणारे असतात. पोका-योकेचा (चूक होऊच न देणाऱ्या व्यवस्थेचा) सेन्सर तारेने बांधून मशिन चालवणारा, न मोजता रीडिंग लिहिणारा. त्यांच्यावर रीतसर कारवाई हवीच. पण तार काढायच्या आधी हेही बघा की सेन्सर दर वीस पीसला उगाच लाइन थांबवत होता का, आणि मेंटेनन्सकडे त्याची तक्रार किती दिवस पडून होती.

दुसरा मंत्र, शंभर टक्के तपासणी. माणसाच्या डोळ्याने शंभर टक्के तपासणी केली म्हणजे शंभर टक्के दोष सापडत नाहीत. कंटाळा येतो, उजेड कमी पडतो. दोन तपासनीस लावले की पहिला दुसऱ्याच्या भरवशावर आणि दुसरा पहिल्याच्या. गिऱ्हाइकाची तक्रार आल्यावर काही दिवस ही तपासणी लावावी लागते, ते ठीक. गिऱ्हाईकच तसं बजावतं. पण ती मलमपट्टी आहे, कारण सापडेपर्यंतच. मोजायचंच असेल तर आधी मोजण्याचं साधन तपासा: दहा पीस, तीन माणसं, प्रत्येकी दोन-तीन वेळा, गेज आर अँड आर, म्हणजे फरकातला किती वाटा नुसत्या मोजण्याचा आहे ते काढा. १० टक्क्यांखाली आला तर उत्तम, ३० च्या वर गेला तर तो गेज बाजूला ठेवा. कितीतरी ठिकाणी चांगले पीस फेकले जातात आणि खराब पुढे जातात ते यामुळेच.

जपानचं सांगायचं तर मेसेजवाल्याने टोयोटाची दोरी ऐकलेली दिसत नाही. तिथे लाइनवरच्या कामगाराला काही वेगळं दिसलं की तो अँडनची दोरी ओढतो, दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो. ठरलेल्या खुणेपर्यंत अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. दोरी ओढणाऱ्याला शिक्षा नाही, उलट न ओढणं चूक समजतात. आणि ज्या डेमिंगच्या नावाने जपानी १९५१ पासून पारितोषिक देतात, त्याच्या चौदा मुद्द्यांतला एक मुद्दाच ‘भीती हाकलून लावा’ असा आहे.

डबेवाल्यांचं प्रमाणपत्र ही जुनीच वावडी. १९९८ मध्ये ‘फोर्ब्ज’मध्ये त्यांच्यावर कौतुकाचा लेख आला. चुका किती होतात असं विचारल्यावर संघटनेच्या अध्यक्षांनी जो अंदाज सांगितला, त्यावरून लाखो डब्यांत एक असा आकडा निघाला. ‘फोर्ब्ज’ हे मासिक आहे, प्रमाणपत्रं वाटणारी संस्था नाही. लेख लिहिणाऱ्यानेही आपण असं काही दिलं नव्हतं हे नंतर स्पष्ट केलं. त्यांचं काम अव्वल आहे यात वाद नाही. पण ते अव्वल का, हे बघितलं असतं तर मेसेजमधून पहिला मंत्र खोडावा लागला असता. झाकणावरची खूण दोन-चार अक्षरांची, बघताक्षणी कळणारी. मुकादमाच्या हाताखाली वीस-पंचवीस जणांचा गट, कुणी आजारी पडला तर जादा माणूस तयार. आणि ते कुणाचे पगारी नोकर नाहीत, कमाईत वाटेकरी आहेत.

सात दिवसांत आयएसओ? आयएसओ ही मानकं लिहिणारी संस्था, ती कुणालाच प्रमाणपत्र देत नाही. ते प्रमाणन संस्था देतात, आणि त्या संस्थेला एनएबीसीबीसारख्या मान्यता देणाऱ्या मंडळाची मान्यता आहे का हे आधी बघायचं असतं. २६ ते ४५ माणसांच्या कारखान्याला पहिल्या ऑडिटला चार मनुष्यदिवस धरलेले आहेत, कपात फार तर ३० टक्के. त्याआधी स्वतःचं अंतर्गत ऑडिट आणि मॅनेजमेंट रिव्ह्यू झालेला लागतो, आणि नोंदी खऱ्या हव्यात. आयएसओ ९००१ या क्वालिटीच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीने तर ‘मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह’ नावाचं सक्तीचं पदच काढून टाकलं. पूर्वी सगळं त्या एका माणसाच्या गळ्यात मारून मालक मोकळे व्हायचे. आता कलम ५ प्रमाणे ऑडिटर थेट शेठच्या केबिनमध्ये येऊन विचारतो: तुमचं क्वालिटीचं उद्दिष्ट काय, गेल्या तीन महिन्यांत ते का हुकलं, त्यासाठी माणूस, गेज, ट्रेनिंग यातलं काय दिलंत?

शेठना खरंच काही करायचं असेल तर रोज सकाळी नऊला पंधरा मिनिटं लाल बिनपाशी उभं राहावं. प्रोडक्शन, क्वालिटी, मेंटेनन्स, तिघे हजर. प्रत्येक पीसवर मशिन नंबर, वेळ आणि वाचलेलं माप. ऑपरेटरचं नाव नाही. वीस-पंचवीस दिवसांचे आकडे झाले की वरच्या हिशेबाने मर्यादा काढायच्या. आकडा मर्यादेच्या बाहेर गेला त्या दिवसापुरतं शोधायचं की काय वेगळं झालं: नवी हीट (धातूचा नवा घाण), नवा माणूस, बदललेलं पाणी. आत राहिला पण नकोसा वाटतो, तर दिवसाचा नव्हे, पद्धतीचा दोष. सगळ्यात जास्त वेळा आलेलं एक कारण धरायचं आणि तेच मुळापासून काढायचं.

एवढं पटत नसेल तर एक करा. पुढच्या तक्रारीच्या 8डीमध्ये (आठ टप्प्यांच्या उत्तरात) मूळ कारणाच्या रकान्यात ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ आणि उपायाच्या रकान्यात ‘५०० रुपये दंड केला’ असं लिहून गिऱ्हाइकाच्या एसक्यूएला (पुरवठादारांची क्वालिटी बघणाऱ्याला) पाठवा. डी-४, म्हणजे मूळ कारणाच्या टप्प्यापासून पुन्हा लिहा, असा शेरा मारून तो कागद परत पाठवील.