रस्त्याची कड ‘स्वच्छ’ कशी करावी

पाऊस झाला, रस्त्याच्या दोन्ही अंगांना गवत कमरेएवढं वाढलं, वळणावर समोरची मोटरसायकल दिसेनाशी झाली आणि लोक कुरकुरायला लागले. अशा वेळी घाईघाईने विळा काढू नका. विळा म्हटलं की मजूर आले, मजूर म्हटले की हजेरी आली, आणि हजेरी घ्यायला कोणीतरी उन्हात उभं राहायला हवं. त्यापेक्षा तणनाशकाचा टँकर घ्या, ट्रॅक्टरमागे लावा, पोराच्या हातात नळी द्या. दोन-चार गावांची कड एका दिवसात पिवळी. आमच्याकडे यंदा हा कार्यक्रम फारच जोरात झाला, म्हणून पुढच्या वर्षी ज्यांच्या हाती रस्त्याची कड येईल त्यांच्यासाठी या सूचना.

औषध कोणतं ते कोणाला सांगू नका. कोणी विचारलंच तर ‘गवताचं आहे’ म्हणा.

ढग भरून आले की मारा. दोन तासांत पाऊस आला तर सगळं धुऊन नाल्यात जाईल, मग दुसऱ्यांदा मारावं लागेल, आणि दुसऱ्यांदा मारलं की बिलही दुसऱ्यांदा.

गवत पूर्ण वाढेपर्यंत थांबा. कोवळं असताना थोडक्यात भागतं, त्यात मजा नाही. कमरेएवढं झाल्यावर मारलं तर ते जागच्या जागी वाळतं आणि उभंच राहतं. वळण आधी हिरव्या गवताने झाकलेलं होतं, आता तपकिरी गवताने झाकलेलं आहे. मोटरसायकल अजूनही दिसत नाही. पण कामाचा फोटो झकास येतो.

रोपं आडवी येतील, त्यांची फिकीर करू नका. २०१९ साली राज्याने ३३ कोटी झाडं लावायचा संकल्प केला होता, तेव्हापासून दर पावसाळ्यात कडेला लिंब, करंज लावायची आणि फोटो काढायची रीत आहेच. ग्लायफोसेट नावाच्या या तणनाशकाला लिंब आणि गवत यांतला फरक कळत नाही, हिरवं पान दिसलं की झालं. यंदाची रोपं यंदाच गेली, तर पुढच्या वर्षीचे खड्डे आयते तयार.

आता मुख्य सूचना. वारा बघून मारा. म्हणजे वारा असताना मारा. आषाढात खानदेशात वारा कसा सुटतो, हे धुळ्याकडच्या माणसाला तरी सांगायला नको. सकाळी सात-आठपर्यंत जरा पडलेला असतो, पण तेव्हा तुमचा ट्रॅक्टर निघत नाही. अकरा वाजता निघा. रस्ता पश्चिमेला आणि कपाशी पूर्वेला असेल तर उत्तमच, वाऱ्याला पत्ता विचारावा लागत नाही. नोझलला हुड लावू नका, दोनशे रुपयांची प्लास्टिकची टोपली कोण सांभाळणार? प्रेशर वाढवून बारीक धुई करा, थेंब जितका बारीक तितका लांब जातो. आणि नुसत्या ग्लायफोसेटवर थांबू नका, त्यात टू-फोर-डी हे दुसरं तणनाशक टाका. गवतवर्गीय तणाला ते फारसं काही करत नाही, पण कपाशीला बरोबर ओळखतं. टू-फोर-डीला कपाशीइतकी नाजूक पिकं थोडीच असतील. त्यातही एस्टर प्रकारातलं मिळालं तर बघायलाच नको. उन्हात त्याची वाफ होते. फवारा बंद करून तुम्ही धाब्यावर जेवायला बसलेले असता, तेव्हाही ते शेतात शिरतच असतं.

मग आठ-दहा दिवसांनी आमच्यासारखा एखादा बांधावर जातो. शेंडा वाकडा, देठ पिळलेले, नवीन पान फाटून बोटांसारखं झालेलं. शेजारचे आप्पा बांधावरूनच ओरडले, “भाऊ, कपाशीनी भेंडी व्हई गई ना!” झालीच होती. रस्त्याकडच्या ओळी सगळ्या भेंडीच्या पानांच्या. पाते, म्हणजे फुलाच्या कळ्या, लागायचे दिवस, आणि जे लागले होते ते खाली पडलेले. आधी वाटलं रोग असेल. दुकानदाराने व्हायरस सांगून एक बाटली गळ्यात मारली, अन्नद्रव्याची म्हणून दुसरी मारली. व्हायरस असता तर शेतभर ठिकठिकाणी दिसला असता. हा रस्त्याकडून सुरू होऊन आत जाता जाता फिका झाला होता, जणू कोणी दोरी धरून मारला. विमा? विमा पावसाला मिळतो, गारपिटीला मिळतो. ठेकेदाराला मिळत नाही. बियाण्याचे पैसे माझे, खताचे माझे, निंदणीचे माझे, आणि फुकटची फवारणी तुमची! बरं, आम्ही तणनाशकाचा पंप वेगळा ठेवतो. एकदा त्यात टू-फोर-डी गेलं की धुतलं तरी भरवसा नाही, म्हणून त्याने कपाशीवर कीटकनाशक मारत नाही. अंगठा उमटवणाऱ्या म्हाताऱ्यालाही हे कळतं, आणि तुमच्या सह्या इंग्रजीत!

असो. सूचना राहिल्याच.

फवारणाऱ्या पोराला हातमोजे, चष्मा काही देऊ नका. डोक्याचा रुमाल तोंडाला बांधला की झालं. २०१७ साली यवतमाळात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, पण ते यवतमाळ झालं.

श्रावणात आघाडा आणि गणपतीत दुर्वा आणायला पोरं याच कडेला जातात. पाटी लावू नका.

बकऱ्यांचं तर बोलायलाच नको. ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही, त्याच्या चार बकऱ्या याच कडेवर जगतात. बाया सकाळी विळा घेऊन येतात, भारा बांधून नेतात. तरोटा, कुर्डू कोवळा असला तर ओट्यात खुडून भाजीलाही नेतात. ठेलारी मेंढ्या घेऊन निघाले की तेही याच कडेने जातात. हे गवत कापायला माणसं फुकट येत होती हो. नुसतं “कापून न्या” एवढं सांगायचं होतं. रोजगार हमी याच राज्यात जन्मली, १९७७ साली तिचा कायदा झाला. गवताला गिऱ्हाईक होतं, कामाला माणूस होता, आणि तुम्ही पैसे मोजून विष आणलंत.

बरं, मारलंत. निदान गेलं का? हरळी होती, तिची मुळं मुरूम धरून होती. ती मेली आणि पुढच्या मोठ्या पावसात साइडपट्टी खचून माझ्या चारीत आली. मोकळ्या जागेत पहिला कोण उगवला? गाजरगवत. एकेका झाडाला हजारो बिया, बकरी तोंड लावत नाही, माणसाच्या अंगाला खाज. खाण्याजोगं मारलंत आणि न खाण्याजोगं पेरलंत. आता त्याच्यासाठी पुन्हा फवारा, असंच ना?

थट्टा पुरे झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने आदेश काढला, की ग्लायफोसेट परवानाधारक पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच मारायचं. तुमच्या ट्रॅक्टरवरच्या त्या पोराकडे कसला परवाना होता? त्याला तर टाकीत काय आहे तेही माहीत नव्हतं. त्याच्यावर नाही माझा राग, त्याला तुम्ही रोजाने उभं केलंत. माझा राग तुमच्यावर आहे, जे रस्त्यावर एकदाही उतरला नाहीत. गाडीची काच खाली करायला काय होत होतं? वारा लागला असता तोंडाला, कळलं असतं. वळणापुरतं गवत कापा, बाकीचं राहू द्या, कोणाच्या बापाचं काय खातं ते? आणि फवारायचंच असेल तर आदल्या दिवशी गावात दवंडी द्या, शेजारच्या शेतकऱ्याला सांगा, बकऱ्यावाल्याला सांगा. लाज वाटायला पाहिजे.

दहा रुपयांचं तिकीट चिकटवून माहितीचा अर्ज टाकला आहे : कोणतं औषध, किती लिटर, कोणाच्या परवान्यावर, आणि बिल कितीचं. तीस दिवसांत उत्तर द्या. तोवर तो टँकर माझ्या शेताजवळ दिसला, तर ट्रॅक्टर तिथेच अडवीन आणि साहेबांना बोलावल्याशिवाय सोडणार नाही.